त्या ग्रहासाठी सहा फोन

लॉन्ड्रीवाल्या मावशींच्या पोटात काही राहत नाही असं कुणी म्हणालं, तर मावशी भांडायला उठायच्या. त्यांचं भांडणही खोटं नव्हतं म्हणा. कुणाच्या शर्टाच्या खिशात कसली चिठ्ठी सापडली, कुणाच्या घरातल्या डबल चादरी एकाएकी सिंगल का झाल्या, हे तीस वर्षांत त्यांनी जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. पण एक जागा अशी होती की तिथे त्यांची जीभ सैल सुटायची आणि त्यांचा त्यांनाच पत्ता लागायचा नाही. ती जागा म्हणजे प्रार्थनेची साखळी.

ही साखळी काय भानगड आहे ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. चर्चमधली सहा माणसं मिळून ती चालवायची. मंडळीतलं कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं पोर परीक्षेला बसलं, की त्यानं मावशींना कळवायचं. मावशी ती विनंती वहीत लिहायच्या आणि पार्लरवालीला फोन लावायच्या. पार्लरवालीनं ती शब्दाला शब्द उतरवून घ्यायची, वाचून दाखवायची, प्रार्थना करायची आणि बसवाल्या भाऊंना कळवायची. भाऊंनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना, त्यांनी सायकलवाल्या दादांना, दादांनी पाळकांच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, आईला. आणि पाळकांच्या आईनं परत मावशींना फोन करून म्हणायचं, "पोहोचलं." सहा माणसं, सहा फोन. नियम तीनच, आणि तिन्ही मावशींनी केलेले. विचारायचं नाही, वाढवायचं नाही, थांबवायचं नाही. तिसरा नियम करावा लागला तो बसवाल्या भाऊंमुळे. एका आजारी माणसासाठी आलेली विनंती त्यांनी मधेच थांबवली होती, कारण त्यांना वाटलं तो गेला. तो गेला नव्हता. पुढच्या रविवारी येऊन भाऊंच्याच शेजारी बसला आणि उपासना संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिला.

तर मावशींच्या हिशेबी लोकांना सांगणं वेगळं आणि साखळीत घालणं वेगळं. साखळीत घातलेलं देवाला सांगितलेलं असतं. मधली माणसं नुसती पोचवणारी. ही समजूत त्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती, की तिच्यापायी अकरा वर्षांपूर्वी त्या आपली एकुलती एक लेक गमावून बसल्या, तरी ती ढिली झाली नाही.

लेक तेव्हा वीस वर्षांची, ग्रहताऱ्यांचं शिकत होती. एका संध्याकाळी दुकानात इस्त्रीच्या टेबलाला टेकून म्हणाली, "आई, एवढे तारे, त्यांच्याभोवती एवढे ग्रह. तिथे कुणी असेल, तर येशू त्यांच्यासाठीही मेला का? मी विचार करकरून थकले. माझा विश्वास उरलाय की नाही, तेच मला कळत नाही. हे आपल्या दोघींत राहू दे." मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी साखळी सुरू केली. ग्रहताऱ्यांच्या प्रश्नांपायी लेकीचा विश्वास डळमळलाय, प्रार्थना करा. रविवारी चर्चच्या दारात सायकलवाले दादा, माणूस खरोखर सोन्यासारखा, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय." पोरीनं एकदा आईकडे पाहिलं आणि दारातूनच परत फिरली. त्यानंतर तिनं चर्चचं तोंड पाहिलं नाही. आईशी फोनवर बोलायची, पण काय? तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे, पाऊस आहे का. मनातलं म्हणून एक अक्षर नाही. अकरा वर्षं मावशींनी आपला गुडघा कसा आहे ते सांगितलं.

आणि मग त्या शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला लेकीचा फोन आला.

मावशी एका लांबलचक पडद्याशी झुंजत होत्या. फोन खांद्यात धरून त्या सवयीनं म्हणाल्या, "गुडघा बरा आहे गं."

"आई, गुडघा राहू दे. तू बसलीयेस का? बस आधी."

आवाज ऐकून मावशींनी इस्त्री उभी केली. लेकीचा हा आवाज त्यांनी ती शाळेत असताना सायकल शिकली तेव्हा ऐकला होता.

"आई, आम्हाला एक ग्रह सापडलाय. म्हणजे ग्रह जुनाच आहे, पण त्याच्या हवेत एक वायू सापडलाय. आपल्याकडे हा वायू फक्त जिवंत गोष्टी सोडतात. फक्त जिवंत. दगडधोंड्यांतून येत नाही, ज्वालामुखीतून येत नाही, आम्ही आठ महिने सगळं तपासलं. आता दुसऱ्या दुर्बिणीनं घेतलेलं मोजमाप चार वाजता हातात येईल. ते जुळलं तर झालं. आई, तिथे काहीतरी जगतंय."

"काय जगतंय?"

"माहीत नाही. शेवाळ असेल. नाव नसलेलं काहीतरी असेल. पण आपण एकटे नाही. ऐकतेयस ना? आपण एकटे नाही." लेक हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. मग भानावर आल्यासारखी म्हणाली, "हे कुणालाही सांगायचं नाही हं. सोमवारी सकाळी नऊला जाहीर होणार आहे. तोवर ज्याच्याकडून बाहेर फुटेल, त्याला कामावरून काढणार आणि शोधावरचं नावही काढणार, सह्या घेतल्यात आमच्या. मी तुलासुद्धा सांगायला नको होतं. पण मला राहवलंच नाही."

"नाही सांगत. कुणाला सांगणार मी?"

लेक फोन ठेवणार असं वाटत असतानाच हळूच म्हणाली, "आणि आई, प्रार्थना कर. चार वाजेपर्यंत. जमेल ना?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा. मावशींना वाटलं, आता काळीज फुटून बाहेर येणार. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, वही ओढली आणि लिहिलं: "माझ्या लेकीला दुसऱ्या एका ग्रहाच्या हवेत जिवंत गोष्टींची खूण सापडली आहे. चार वाजता शेवटची तपासणी आहे. ती खरी ठरावी आणि तिथे जे कुणी असेल त्याच्यावर देवाची कृपा असावी." वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग पार्लरवालीला फोन लावला. पार्लरवालीनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, एकदा "अगं बाई" म्हणाली, पण नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. मावशींनी फोन ठेवला आणि समाधानानं पडद्याकडे वळल्या.

पडद्याची एक घडी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या घडीला मावशींचा हात जागच्या जागी थांबला.

अरे देवा, हे मी काय केलं?

तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. कुणाला सांगणार मी, म्हणाल्या होत्या. आणि बरोबर चौथ्या मिनिटाला सांगून मोकळ्या. तेही त्याच साखळीत. मग पुढचं आठवलं. आठवड्याच्या सगळ्या विनंत्या पाळकांची आई मुलाच्या हाती द्यायची, पाळक त्या रविवारी व्यासपीठावरून वाचून दाखवायचे, आणि रविवारची उपासना इंटरनेटवर थेट दिसायची. म्हणजे उद्या सकाळी साडेनऊला सगळं जग ऐकणार, आणि सोमवारी लेकीचं नाव त्या शोधावरून जाणार. आणि लेक? लेक पुन्हा कधी मनातलं बोलणार नाही. पाऊस आहे का, एवढंच विचारेल, मरेपर्यंत.

मावशींनी पार्लरवालीला फोन लावला. लागेना. लागणार कसा, ती पुढच्याला फोन करत असणार. मावशींनी दुकानाला कडी घातली, 'आत्ता येते'ची पाटी लावली आणि त्या गुडघ्यासकट पळत सुटल्या.

पार्लर चार दुकानं सोडून. पार्लरवाली एका बाईच्या केसांना रंग लावत होती. मावशींना बघून तिचा चेहरा उजळला. "झालं मावशी, दिलं पुढे. प्रार्थना पण केली, ब्रश हातात धरूनच केली. काय गोड बातमी हो."

"हळू बोल. कुणाला दिलंस?"

"भाऊंना. आणखी कुणाला देणार? नियम तुमचाच ना?"

नियम तुमचाच, हे वाक्य मावशींना त्या दुपारी आणखी एकदा ऐकावं लागणार होतं.

"हे बघ," मावशी तिच्या कानाशी लागल्या, "सोमवार सकाळपर्यंत यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. माझ्या लेकीचा प्रश्न आहे." पार्लरवालीनं रंगानं माखलेला हात छातीवर ठेवला. ॲप्रनवर पाचही बोटं उमटली. मावशींनी सवयीनं मनात नोंद केली की हा डाग निघायचा नाही, आणि पळाल्या.

बसवाले भाऊ शेवटच्या थांब्यावर सापडले. दोन फेऱ्यांच्या मधे त्यांना सात मिनिटं मिळायची, त्यातली चार त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करण्यात घालवली होती आणि उरलेल्या तिनांत ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून प्रार्थना करत होते. मावशींनी खिडकीवर टकटक केली तसे ते दचकले.

"मावशी, मी थांबवलं नाही हां या वेळी," ते घाईघाईनं म्हणाले. "लगेच पुढे दिलं. त्या माणसाची नजर मी अजून विसरलो नाही."

बिचाऱ्याला काय बोलणार? मावशींनी त्यांनाही तोंडाला कुलूप घालायला सांगितलं, त्यांच्याच बसमध्ये चढल्या आणि दवाखान्याच्या थांब्यावर उतरल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक जाडजूड माणूस आ वासून पडला होता. त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. मावशींनी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, "दिलंत का पुढे?" डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मावशींनी लिहिलं, "दादांना?" पुन्हा मान डोलावली. मावशींनी लिहिलं, "सोमवारपर्यंत कुणाला सांगू नका, हात जोडते." डॉक्टरीणबाईंनी आरसा खाली ठेवून कागदावर उत्तर लिहिलं, "अर्थातच. पण मावशी, मी दिवसभर आनंदानं चुकीचा दात काढेन की काय अशी भीती वाटतेय." खुर्चीतल्या माणसानं मान तिरकी करून नेमकं शेवटचंच वाक्य वाचलं आणि तो उठून बसायला लागला.

आता राहिले दादा. दादांनी पुढे दिलं असेल तर खेळ खलास. मावशी दवाखान्यातून बाहेर पडल्या आणि गुडघा नावाचा अवयव आपल्याला आहे हे विसरून चालायला लागल्या. एक सांगू? एवढ्या धाबं दणाणलेल्या अवस्थेतही मधूनच त्यांना आतून उकळी फुटत होती. रस्त्यानं चाललेल्या प्रत्येक माणसाकडे बघून वाटत होतं, याला माहीत नाही. हा पिशवी घेऊन चाललाय आणि याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. तिथे काहीतरी श्वास घेतंय हो. माझ्या लेकीनं शोधलंय. मग लगेच उद्याची उपासना आठवायची आणि पावलं आणखी भरभर पडायची.

सायकलवाले दादा आपल्या दुकानात एका वाकड्या चाकासमोर बसले होते. चाक फिरत नव्हतं आणि दादांचे हातही हलत नव्हते. शेजारी साखळीची वही उघडी, तिच्यावर चष्मा. फोन बाजूला पालथा ठेवलेला.

"दादा, दिलंत पुढे?"

"नाही."

मावशींना वाटलं, आत्ता इथेच खाली बसावं. बसल्याच त्या, टायरांच्या ढिगावर. तीस वर्षांत दादांनी एकही विनंती पाच मिनिटांच्या वर ठेवली नव्हती, आणि आज नेमकी ठेवली. देव आहे, मावशी मनात म्हणाल्या. आता फक्त म्हणायचं, "बरं केलंत दादा, राहू द्या," वहीतलं पान फाडायचं आणि घरी जायचं. कुणाला काही कळायचं नाही.

पण दादांचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं.

"ताई, मी नियम मोडलाय, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण मला प्रार्थनाच करता येईना. तीनदा वाचलं. शब्दच फुटेना. आपला प्रभू इथे जन्मला. इथल्या एका बाईच्या पोटी. इथे मेला, इथे उठला. मग त्या तिथल्यांचं काय? तिथे परत जन्म, परत क्रूस? की त्यांना त्याचं नावसुद्धा माहीत नाही? आणि त्यांनी पापच केलं नसेल तर? म्हणजे एवढ्या सगळ्या विश्वात आपणच तेवढे नालायक?" दादांनी पाना आपटला. "मी अडुसष्ट वर्षांचा आहे. आता या वयात माझ्या पायाखालची फरशी काढू नका. मला वाटतं, हे ग्रह शोधणारे लोक देवाला लहान करतात. तुझी लेक तेव्हा हेच बोलायची. तेव्हाच तिला नीट समजवायला हवं होतं."

झालं. त्या वाक्यानं घात केला. मावशी कशासाठी आल्या होत्या, किती वाजले होते, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं.

"समजवायला?" त्या उठून उभ्या राहिल्या. "दादा, ती विचारत होती. मोडत नव्हती, विचारत होती. आणि मी काय केलं? तिला उत्तर द्यायचं सोडून तुम्हा पाच जणांना कळवलं. तिनं प्रश्न आणला होता माझ्याकडे, आणि मी तो आजार म्हणून साखळीत घातला. अकरा वर्षं मी स्वतःलाच विचारतेय, तेव्हा काय म्हणायला हवं होतं."

"काय म्हणायला हवं होतं?" दादांनी विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

"तुम्हाला मुलं किती?"

"चार. तुला माहीत आहेत."

"चौथं झालं तेव्हा पहिल्याच्या वाट्याचं प्रेम किती कापून घेतलंत?"

दादांनी पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"थोरल्याला जेव्हा ताप यायचा, तेव्हा तुम्ही रात्र रात्र जागायचात. धाकटी झाल्यावर काय, पाव रात्रच जागायला लागलात? मला एकच झाली म्हणून मी तिच्यावर सगळा जीव टाकला. दुसरी झाली असती तर तिच्यावरही सगळाच टाकला असता. हे तुमच्याआमच्यासारख्यांना जमतं आणि देवाला जमणार नाही? कोण लहान करतंय मग देवाला? दर रविवारी उभं राहून म्हणतो ना आपण, आकाश आणि पृथ्वी त्यानं केली? पृथ्वी मनापासून म्हणतो आणि आकाश काय उगाच, सुरात सूर म्हणून? तिथे त्यानं नुसते दिवे लावून ठेवलेत असं वाटतं का तुम्हाला?"

"पण तिथे तो जन्मला का?" दादांनी चिवटपणे विचारलं.

"मला काय माहीत? जन्मला असेल. नसेल. आपल्यासाठी जे केलं तेच सगळ्यांना पुरत असेल. तो तिथे कसा जातो, काय नावानं जातो, ते त्याचं तो बघेल. आपल्याला प्रार्थना करायला सांगितलीय दादा, कारभार नाही सोपवलेला."

"आणि त्यांनी पाप केलंच नसेल तर?"

"मग चांगलंच झालं की. एवढ्या मोठ्या घरातलं एक पोर तरी सरळ निघालं."

दादांच्या मिशा हलल्या. ते हसले. आधी थोडे, मग पोट धरून. हसता हसता त्यांनी चष्मा घातला, वही पुन्हा वाचली आणि या खेपेला त्यांचा आवाज बदलला. "तिथे जे कुणी असेल त्याच्यावर..." म्हणता म्हणता ते स्टुलावरून खाली उतरले, तेलकट फरशीवर गुडघे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. मावशीही शेजारी टेकल्या. गुडघा ठणकत होता, पण काय आनंद झाला होता त्यांना. अकरा वर्षं जे उत्तर सापडत नव्हतं, ते आज टायरांच्या ढिगावर सापडलं होतं. ते उत्तर स्वतः दिलंय यावर त्यांचाच विश्वास बसेना. लेकीला सांगायला हवं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"आमेन," दादा म्हणाले, उठले, फोन सरळ केला आणि कानाला लावला. "हां, पाळकांच्या आई, लिहून घ्या."

मावशींनी डोळे उघडले. "दादा, नको, थांबा—"

दादांनी हात वर केला. "मधे बोलायचं नाही, थांबवायचं नाही. नियम तुझाच आहे ताई." आणि त्यांनी शब्द न् शब्द वाचून दाखवला. मावशी फरशीवर गुडघे टेकलेल्या तशाच राहिल्या. ज्या बाईला साखळी थांबवायची होती, तिनंच थांबलेली साखळी धक्का मारून सुरू करून दिली होती. निघताना त्यांनी दादांकडूनही सोमवारपर्यंत गप्प राहायचं वचन घेतलं.

दुकानात परत येईपर्यंत साडेतीन वाजून गेले होते. कडी काढतात न काढतात तोच पाळकांच्या आईचा फोन.

"पोहोचलं," म्हातारी म्हणाली.

"काकू, पाया पडते तुमच्या. पाळकांना सांगितलंत?"

"नाही गं. चार वाजून जाऊ देत, मग बघू म्हटलं."

"चारला नको, उद्याही नको. सोमवारी नऊपर्यंत नको. उद्याच्या कागदात घालू नका. माझ्या लेकीची नोकरी जाईल हो."

"बरं, नाही घालत," पाळकांच्या आई म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मावशींना खरंच वाटेना. "त्यात काय एवढं? आईच्या पोटात पोर राहतं, एवढीशी गोष्ट राहणार नाही?" आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी काही टोमणा मारला नव्हता. पण मावशींना तो जिथे लागायचा तिथे लागला.

त्या इस्त्रीच्या टेबलाशी बसल्या. बसून हिशेब केला तर सगळं निभावलं होतं. पाच जण गप्प राहणार होते, उद्याच्या कागदात काही येणार नव्हतं. लेकीला कधीच कळणार नव्हतं. आता तोंड उघडलं नाही तर सगळं छान होतं. सोमवारी बातमी येईल, लेक फोन करेल, पुन्हा त्या सायकल शिकलेल्या आवाजात बोलेल. आणि तोंड उघडलं तर? ती म्हणेल, आई, पुन्हा? मग अकरा वर्षं काय नि बावीस काय. मावशींनी घड्याळ पाहिलं. चारला बारा कमी. कोण सांगायला बसलंय हिला, त्यांनी स्वतःला विचारलं. पण मागच्या वेळीही हेच झालं होतं ना? लेकीला सगळ्यांच्या शेवटी कळलं होतं, आणि तेही दारात, परक्याच्या तोंडून.

त्यांनी फोन लावला. 

"आई? अजून बारा मिनिटं आहेत. माझे हात गार पडलेत."

"माऊ, ऐक. मी साखळीत घातलं."

पलीकडे मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"तू प्रार्थना कर म्हणालीस आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. हे काही कारण नाही, मला ठाऊक आहे. पाच जणांना कळलंय. मी सगळ्यांशी बोलले, सोमवारपर्यंत कुणी बोलणार नाही. उद्याच्या कागदातही येणार नाही. तुला कधी कळलंही नसतं. पण मला ते तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. माझं चुकलं. आत्ताही चुकलं आणि तेव्हाही चुकलं. तेव्हाचं मी कधी बोलले नाही. माझं फार चुकलं गं."

मावशींना आपल्याच श्वासाचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता.

"सायकलवाले दादा पण?" लेकीनं विचारलं.

"ते पण. ते अडून बसले होते. तुझाच प्रश्न विचारत होते, तिथल्यांसाठी तो मेला का. मी त्यांच्याशी भांडले."

"तू भांडलीस? काय म्हणालीस?"

मावशींनी सांगितलं. चौथं पोर, थोरल्याचा ताप, सुरात सूर म्हणून म्हटलेलं आकाश, सरळ निघालेलं एक पोर, सगळं. घाईघाईत सांगितलं, मधेच वाक्यं तुटली. सांगून झाल्यावर पलीकडून लेकीचं नाक ओढणं मावशींना ओळखू आलं.

"मला तेव्हा एवढंच हवं होतं," लेक म्हणाली. "उत्तर बरोबर आहे की नाही हे मला अजून माहीत नाही, आई. पण कुणीतरी माझ्याशी एवढं भांडायला हवं होतं."

"हो गं."

"तेव्हा मला त्यांच्याकडून कळलं. चर्चच्या दारात."

"माहीत आहे."

"आज तू स्वतः सांगितलंस." मग ती एकदम म्हणाली, "थांब. ठेवू नकोस. फोन ठेवू नकोस."

मावशी फोन कानात घुसेल इतका दाबून बसल्या. पलीकडे पावलं वाजली, कुणीतरी आकडे वाचत होतं, एक आकडा, दुसरा, तिसरा. मग एकदम कुणीतरी ओरडलं, टेबल सरकलं, काहीतरी खाली पडून फुटलं, सगळेच एकदम बोलायला लागले. त्या गलक्यातून लेकीचा आवाज आला, अगदी फोनला ओठ लावून.

"जुळलं. आई, जुळलं. आहे तिथे."

देवा, देवा, एवढंच त्या पुटपुटत होत्या. इतका आनंद अंगात मावत नाही म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांना उठून नाचावंसं वाटत होतं, आणि गुडघ्याची पर्वा न करता त्या खरंच उठल्या. मग मधेच दचकून थांबल्या.

"अगं, पण हे मला का सांगितलंस? मी काय करून बसले ते आत्ताच ऐकलंस ना?"

"ऐकलं," लेक म्हणाली. "म्हणूनच सांगितलं. सगळ्या पृथ्वीवर या खोलीतली चौदा माणसं आणि तू. आता सोमवारपर्यंत सांभाळ."

फोन ठेवला आणि दोन मिनिटांत पार्लरवाली दारात हजर. तिच्यापाठोपाठ बसवाल्या भाऊंचा फोन आला, तो संपतो न संपतो तोच दादांचा. साखळीच्या पाचही माणसांना एकच विचारायचं होतं. चार वाजून गेले होते.

"मावशी, काय झालं? जुळलं का?" पार्लरवालीचे डोळे बाहेर यायचे राहिले होते.

मावशींनी इस्त्री उचलली. पडदा टेबलावर पसरला, कडा सरळ केली आणि एका टोकापासून इस्त्री फिरवायला लागल्या. हसू ओठांच्या कोपऱ्यातून निसटायला बघत होतं, ते त्यांनी दातांखाली धरून ठेवलं.

"विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रार्थना चालू ठेव."